लाइट आली तरी कॉम्प्युटर बंदच का राहतो?

तक्रार एका ओळीची होती. लाइट जाऊन परत आली की ऑफिसातला कॉम्प्युटर कधी आपोआप सुरू होतो, कधी होत नाही. तो कधीच सुरू होत नसता तर पाच मिनिटांचं काम होतं: बायॉसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधली, एक सेटिंग बदलायची आणि घरी जायचं. 'कधी होतो, कधी नाही' हे दुखणं वेगळं. त्यात दोन-चार कारणं एकमेकांच्या आड दडलेली असतात. एक दूर केलं की पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं, आपल्याला वाटतं सुटलो, आणि पुढच्या वादळात परत फोन येतो. मला असे चार फोन आले आणि चारही वेळा कारण निराळं निघालं.

ऑफिस एका सीए मॅडमचं, चिपळूण तालुक्यातलं. कोपऱ्यात एक असेंबल्ड डेस्कटॉप, त्यावर सगळ्या क्लायंटचा टॅलीचा डेटा. ऑफिसातल्या तिघीजणी पावसाळ्यात बरेच दिवस घरून काम करतात, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून या डेस्कटॉपला रिमोटने जोडून घेतात. जुलै म्हणजे कोकणात पावसाचा भर. फांद्या तारांवर येतात, दिवसातून चार-पाच वेळा लाइट जाते, आणि बहुतेकांच्या प्राप्तिकर रिटर्नची मुदतही नेमकी त्याच महिन्याच्या ३१ तारखेला. डेस्कटॉप बंद पडून राहिला की तिघींचंही काम थांबतं आणि नुसतं एक बटण दाबायला कोणाला तरी रेनकोट चढवून गाडी काढावी लागते. एकदा मॅडम स्वतः रात्री साडेनऊला निघाल्या आणि वाटेत वहाळाचं पाणी रस्त्यावर आलेलं. ते ऐकल्यावर ठरवलं की हे वरवर नाही, मुळापासून सोडवायचं.

सेटिंग कुठे असते

वीज परत आल्यावर काय करायचं हे विंडोज ठरवत नाही, मदरबोर्ड ठरवतो. म्हणून विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये शोधत बसू नका, तिथे हे सापडणार नाही. बायॉसमध्येच जावं लागतं. असेंबल्ड मशीनला बहुधा डिलीटची कळ, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोच्या थिंकसेंटरला एफ१. हल्ली मशीन इतक्या झटकन सुरू होतात की कळ दाबायला वेळच मिळत नाही. तेव्हा विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

आत गेल्यावर प्रत्येक कंपनीने त्याच गोष्टीला वेगळं नाव दिलेलं दिसेल. असूसमध्ये ॲडव्हान्स्डखाली एपीएम कॉन्फिगरेशन आणि त्यात 'रिस्टोर एसी पॉवर लॉस'. एमएसआयमध्ये 'रिस्टोर आफ्टर एसी पॉवर लॉस'. गिगाबाइटमध्ये नुसतं 'एसी बॅक', जे कोणी सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. डेलमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली 'एसी रिकव्हरी' किंवा 'एसी बिहेवियर'. एचपी आणि लेनोवो दोघंही 'आफ्टर पॉवर लॉस' म्हणतात. एचपीत ते पॉवर-ऑन ऑप्शन्समध्ये असतं, लेनोवोत पॉवर या पानावर.

पर्याय मात्र सगळीकडे तीनच: बंद राहा, सुरू हो, किंवा आधी होतास तसा हो. तिसऱ्याला 'लास्ट स्टेट' म्हणतात, गिगाबाइटवर 'मेमरी'. बहुतेक मशीन 'बंद राहा' घेऊनच येतात.

आता हे आत चालतं कसं ते दोन मिनिटं समजून घेऊ, कारण पुढचा सगळा माग त्यावरच उभा आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा देतच असतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. लाइट गेली की तोही जातो. परत आला की मदरबोर्डवरची चिप जागी होते आणि आपल्याजवळची एक नोंद बघते: वीज परत आल्यावर सुरू व्हायचं की गप्प बसायचं? ही नोंद घड्याळ जिथे चालतं त्याच कप्प्यात असते आणि तो कप्पा लाइट नसताना मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर जगतो. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टँडबाय पुरवठा खरोखर जाऊन परत आला तरच मदरबोर्डला 'लाइट आली' हे कळतं. आणि सेल मेला असेल तर काय करायचं हे त्याला आठवत नाही.

'का सुरू झाला नाही' याच्या आधी 'बंद कसा झाला'

पहिल्या दिवशी मी जाऊन बघितलं तर सेटिंग कोणीतरी आधीच लावून ठेवलेली होती, 'लास्ट स्टेट'वर. सगळं बरोबर दिसत होतं. मी एसएमपीएसवर संशय घेतला, केबल हलवून बघितली, कॉम्प्युटरची पिन थेट भिंतीत लावून तिथलं बटण तीनदा बंद-चालू केलं. तिन्ही वेळा कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुरू झाला. तरी दोन दिवसांनी फोन आलाच.

उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये होतं. त्यातला सिस्टम लॉग उघडा आणि लाइट गेली त्या आणि मशीन पुन्हा सुरू झालं त्या वेळेच्या आसपासचे आकडे बघा. ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवरची नोंद किंवा ६००८ दिसली, तर मशीन चालू असताना वीज तोडल्यासारखी गेली. ६००६ दिसली, तर विंडोज रीतसर बंद झालं होतं. इथे ज्या ज्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला नव्हता, त्या त्या दिवशी ६००६ होती. म्हणजे कोणीतरी तो व्यवस्थित बंद केला होता, आणि ऑफिसात तर कोणीच नव्हतं.

तो 'कोणीतरी' म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस, यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडलेला. अशा जोडलेल्या यूपीएसला विंडोज लॅपटॉपच्या बॅटरीसारखं वागवतं आणि चार्ज अगदी तळाला गेला की मशीन स्वतःहून बंद करतं. हे चांगलंच आहे, डेटा वाचतो. पण मग लाइट आल्यावर 'लास्ट स्टेट' प्रामाणिकपणे विचारते, आधी काय होतो? बंद. म्हणून बंदच राहते. भिंतीवरचं बटण दाबून मी जी चाचणी केली तिच्यात मी मशीन चालू असतानाच वीज तोडत होतो, त्यामुळे ती दर वेळी पास होत होती.

'लास्ट स्टेट' दिसायला समजूतदार वाटते, पण जिथे माणूस जवळ नाही अशा मशीनवर ती कधीही ठेवू नका. 'सुरू हो' हाच पर्याय ठेवा. त्याचा एक तोटा आहे: दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मशीन नीट बंद करून गेलात तरी लाइट जाऊन आली की ते सुरू होणार. त्यावर उपाय जुनाच, जाताना भिंतीवरचं बटण बंद करा.

याच पानावर असताना आणखी एक गोष्ट तपासून घ्या. 'ईआरपी' किंवा 'ईयूपी' नावाची वीज वाचवणारी सेटिंग असते. डेलमध्ये तिला 'डीप स्लीप कंट्रोल' म्हणतात, एचपीत 'एस५ मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज', लेनोवोत 'एन्हान्स्ड पॉवर सेव्हिंग मोड'. मशीन बंद असताना ती स्टँडबायवरचं जवळपास सगळं तोडून टाकते. अनेक बोर्डांवर ही चालू असेल तर आपोआप सुरू होणं, नेटवर्कवरून उठवणं, ठरलेल्या वेळी सुरू होणं यातलं काहीतरी चालत नाही. ती बंद करा. बंद मशीनचा एखाद-दोन वॅट वाचवण्यापेक्षा रात्रीची फेरी वाचलेली बरी.

दुसरा फोन: लहान खंडाला चालतं, मोठ्याला नाही

'सुरू हो' लावल्यावर तीन आठवडे शांतता होती. मग एका रात्री लाइट सलग सहा तास गेली आणि सकाळी कॉम्प्युटर बंद. मी गेलो, बटण दाबलं, तर आधी पडद्यावर एफ१ दाबा असा संदेश आला, आणि विंडोज उघडल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणून अडवत होता, कारण त्याच्या लेखी ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती.

घड्याळ मागे गेलेलं दिसलं की दुसरं काही शोधू नका. सेल गेलाय. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि पाच-सात वर्षं जुन्या मशीनमध्ये तो दमलेला असणारच. यूपीएसमध्ये जीव आहे तोवर स्टँडबाय चालू असतो, त्यामुळे मेलेला सेल उघडा पडत नाही. यूपीएसही संपला की नोंद पुसली जाते आणि बोर्ड कारखान्यातल्या सेटिंगवर जातो, म्हणजे 'बंद राहा'वर.

सेल बदलण्याआधी मात्र एक खबरदारी घ्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायॉसच्या सेटिंग मुळावर गेल्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. नव्या लॅपटॉप-डेस्कटॉपवर हे कुलूप कित्येकदा मालकाच्या नकळत लागलेलं असतं. ती की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, मगच कॅबिनेट उघडा. सेल बदलल्यावर बायॉसमध्ये तारीख, वेळ आणि आपली सेटिंग पुन्हा लावा. बायॉस अपडेट केल्यावरही हेच करा, कारण अपडेटमध्येही सेटिंग पुसल्या जाण्याची शक्यता असते.

तिसरा फोन: लाइट आली, पण मदरबोर्डला ती गेल्याचंच कळलं नव्हतं

हा प्रकार मला सगळ्यात जास्त छळून गेला आणि यूपीएस असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. सेटिंग 'सुरू हो'वर. सेल नवा. तरी दुपारी साडेचारला मॅडमचा फोन: "अहो, लाइट येऊन अर्धा तास झाला, शेजारचा पंखा फिरतोय म्हणे, आणि आपला मात्र बंदच."

लॉगमधल्या वेळा आणि शेजारच्या दुकानदारांनी सांगितलेल्या वेळा कागदावर एकाखाली एक मांडल्या तेव्हा उलगडलं. लाइट साडेतीनला गेली. यूपीएसची बॅटरी तळाला आली तेव्हा, पावणेचारच्या सुमारास, विंडोज रीतसर बंद झालं. कॉम्प्युटर बंद झाल्याबरोबर यूपीएसवरचा भार जवळजवळ शून्य झाला. तळाला आलेल्या बॅटरीतही शून्य भारावर बराच वेळ तग धरण्याइतका जीव उरतो. चारला लाइट आली तेव्हा यूपीएस अजून जिवंतच होता. म्हणजे मदरबोर्डचा स्टँडबाय पुरवठा एक क्षणही तुटला नव्हता. त्याच्या दृष्टीने लाइट कधी गेलीच नाही, मग ती आली म्हणून सुरू कशाला होईल? कोणीतरी त्याला रीतसर बंद केलं आणि तो आज्ञेप्रमाणे बंद राहिला.

यूपीएसची व्यवस्था बघणाऱ्या लोकांमध्ये याला 'पॉवर रेस' म्हणतात: मशीन बंद होणं आणि लाइट येणं यांच्यातली शर्यत. लाइट यूपीएस मरण्याआधी आली की तुम्ही हरलात.

याचा खरा उपाय असा की कॉम्प्युटरने बंद होता होता यूपीएसलाच सांगून ठेवायचं: मी चाललो, थोड्या वेळाने तू तुझा पुरवठा तोड आणि लाइट असेल तर परत जोड. लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. यूएसबी यूपीएससाठी त्याची मुळातली वेळ तोडायला २० सेकंद आणि परत जोडायला ३० सेकंद अशी असते, आणि मधल्या वेळात लाइट आलेली असली तरी तो एकदा पुरवठा तोडतोच, म्हणजे शर्यतच उरत नाही. विंडोजवर यूपीएस कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'शटडाउननंतर यूपीएस बंद करा' अशा अर्थाचा पर्याय असतो का ते बघा. अडचण ही की बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूपीएसना ही आज्ञा कळतच नाही. आमच्यालाही कळत नव्हती.

एकाने सुचवलं, यूएसबी केबल काढून टाका, यूपीएस संपला की मशीन आपोआप जाईल आणि लाइट आली की येईल. चालेल, पण दर मोठ्या खंडाला टॅली उघडी असताना वीज तुटणार. दुसऱ्याचे हिशेब ज्यावर आहेत त्या डिस्कवर मी हा जुगार खेळणार नाही, तुम्हीही खेळू नका.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, बायॉसमध्ये रोज सकाळी साडेआठला सुरू होण्याची वेळ लावली. असूसमध्ये 'पॉवर ऑन बाय आरटीसी', गिगाबाइटमध्ये 'रिझ्यूम बाय अलार्म', डेलमध्ये 'ऑटो ऑन टाइम' असं तिचं नाव. मशीन आधीच चालू असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठतं. म्हणजे काहीही झालं तरी कामाचा दिवस सुरू होताना मशीन जागं असेल. फुकट मिळणारी इतकी खात्रीची दुसरी सोय मला माहीत नाही. दुसरी, यूपीएस आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये वायफायवर चालणारा एक स्मार्ट प्लग बसवला. मशीन बंद दिसलं की मॅडम फोनवरून तो बंद करतात, वीस सेकंद थांबतात म्हणजे एसएमपीएसमधला उरलासुरला चार्ज निघून जातो, आणि परत चालू करतात. मदरबोर्डला वाटतं लाइट जाऊन आली. प्लग घेताना दोन गोष्टी बघा: त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही वीज आल्यावर चालू व्हायचं की बंद राहायचं हा पर्याय असतो, तो 'चालू'वर ठेवा, आणि त्याचं ॲप एकाच फोनवर ठेवा, नाहीतर कोणाचा तरी अंगठा चुकून लागेल आणि चालू मशीन पडेल. अर्थात राउटरही यूपीएसवर असायला हवा.

नेटवर्कवरून उठवण्याची सोय, म्हणजे वेक ऑन लॅन, हाही मार्ग आहे. शर्यतीच्या प्रकारात ती नीट चालते कारण नेटवर्क कार्डाला स्टँडबाय मिळतच असतो. पण स्टँडबायही पूर्ण जाऊन आला असेल तर बऱ्याच बोर्डांवर एकदा मशीन सुरू झाल्याशिवाय कार्ड ऐकत नाही, म्हणून एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय त्यासाठी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं.

आणि यूपीएसची स्वतःची एक परीक्षा घ्या. बॅटरी पूर्ण संपून तो बंद पडला आणि मग लाइट आली, तर तो आपोआप सुरू होतो का? काही यूपीएसना अशा वेळी पुढचं बटण दाबावं लागतं. तसा असेल तर बायॉसमध्ये काहीही करा, उपयोग नाही. यूपीएस बदला.

चौथा फोन: मशीन चालू आहे, पण अडकलंय

लाइट आमच्याकडे एका दमात येत नाही. येते, मिचमिचते, जाते, परत येते. बॅटरी आधीच रिकामी असलेला यूपीएस अशा वेळी काही सावरू शकत नाही. कॉम्प्युटर दर वेळी सुरू व्हायला लागतो आणि अर्ध्यावर पडतो. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की विंडोजला वाटतं आपल्यातच काही बिघाड आहे, आणि ते दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जाऊन माणसाची वाट बघत बसतं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण रिमोट लागत नाही, हे याचं लक्षण.

तो पडदा येऊच नये अशी आज्ञा विंडोजला देता येते. मी दिली नाही, कारण डिस्क खरंच खराब झाली असेल तर ते मला कळायला हवं. त्याऐवजी फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये असते ती सोय वापरली: लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच पुढे वीज सोडायची. असा एक स्टॅबिलायझर यूपीएसच्या आधी लावला. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी केलेली ही युक्ती कॉम्प्युटरलाही तितकीच मानवते. मिचमिच संपून लाइट स्थिरावली की मगच यूपीएसला ती दिसते. मोठ्या सर्व्हरमध्ये असा उशीर बायॉसमध्येच लावता येतो, साध्या डेस्कटॉपमध्ये सहसा नाही.

अडकण्याच्या आणखी जागा आहेत. कीबोर्ड जोडलेला नसेल तर काही जुने बोर्ड एररचा संदेश दाखवून थांबतात. तिथे 'हॉल्ट ऑन' ही सेटिंग 'नो एरर्स' करा. उबुंटूवर मागची सुरुवात अर्धवट राहिली असेल तर ग्रबची, म्हणजे कोणती सिस्टम सुरू करायची हे विचारणारी, यादी ३० सेकंद थांबते, तेवढा धीर धरा. बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावला असेल तर माणूस आल्याशिवाय मशीन पुढे जाणारच नाही.

विंडोजच्या पासवर्डचं काय? इथे बरेच जण पासवर्ड काढून टाकतात किंवा आपोआप लॉगिन लावतात. क्लायंटचे पॅन, बँक खाती, पगारपत्रकं ज्या मशीनवर आहेत तिथे हे करू नका. गरजही नसते. शेअर केलेलं फोल्डर लॉगिनच्या आधीपासून उपलब्ध असतं, विंडोजचा रिमोट डेस्कटॉपही. एनीडेस्कसारखं काही वापरत असाल तर ते मशीनवर रीतसर इन्स्टॉल करा आणि अनअटेंडेड ॲक्सेसचा भक्कम पासवर्ड लावा. नुसती डाउनलोड केलेली फाइल चालवत असाल तर लॉगिन होईपर्यंत ते उठणार नाही. बॅकअपसारखं एखादं काम सुरुवातीलाच चालायला हवं असेल तर टास्क शेड्युलरमध्ये ते 'स्टार्टअपला' लावा आणि कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो चालव, हा पर्याय निवडा.

घरात इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असणाऱ्यांसाठी थोडं. लाइट जाताच कॉम्प्युटर झटका बसल्यासारखा रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटण बघा. तिथे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन मोड असतात. एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत पुरवठा बदलतो, नॉर्मल मोडमध्ये त्याहून बराच वेळ घेतो. पंख्याला तो फरक कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो.

चाचणी कशी घ्यायची

मी पहिल्या दिवशी चुकीची चाचणी घेतली म्हणून तीन आठवडे वाया गेले. आता क्रम ठरला आहे. आधी मशीन बायॉसच्या पडद्यावर असताना भिंतीवरचं बटण बंद करतो. तिथे डिस्कवर काही लिहिलं जात नसतं, त्यामुळे डेटाला धोका नाही. तीस सेकंद थांबतो, मदरबोर्डवरचा दिवा पूर्ण विझू देतो, मग चालू. मशीन उठलं पाहिजे. मग विंडोज नीट शटडाउन करून तेच. 'लास्ट स्टेट' असेल तर इथे पकडली जाते. मग बटण बंद असतानाच रात्र जाऊ देतो, यूपीएसही बंद ठेवून, आणि सकाळी बघतो. सेल कमजोर असेल तर इथे पकडला जातो. शेवटी यूपीएस लावून त्याची पिन काढतो, विंडोज स्वतःहून बंद होईपर्यंत थांबतो, आणि यूपीएस जिवंत असतानाच पिन परत लावतो. शर्यतीचा निकाल इथे लागतो. चारही पार पडल्यावरच पैसे घेतो.

दुसरी उपकरणं असतील तर सोपं आहे. मॅक मिनी किंवा आयमॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये एनर्जीखाली वीज गेल्यानंतर आपोआप सुरू व्हा असा पर्याय थेट दिलेला आहे. सिनॉलॉजीच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर, तो कंट्रोल पॅनेलमध्ये हार्डवेअर अँड पॉवरखाली सापडतो. रास्पबेरी पायला वीज मिळाली की तो सुरू होतोच. लॅपटॉपवर बॅटरी हाच यूपीएस, आणि पिन लावताच सुरू होण्याची सोय मोजक्याच मॉडेलमध्ये असते. थिंकपॅडच्या बायॉसमध्ये 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच' शोधा, डेलमध्ये 'वेक ऑन एसी'.

मॅडमच्या यूपीएसवर आता एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. त्यावर बॅटरी बदलल्याची तारीख, सेल बदलल्याची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'वीज कडाडत असेल तर आधी शटडाउन, मग बोर्डवरचं बटण बंद, मग पिन काढा. पिन लावून बटण चालू केलं की कॉम्प्युटर तीन मिनिटांनी आपोआप सुरू होईल, घाबरू नका.' शेवटचं वाक्य ऑफिसात झाडायला येणाऱ्या मावशींनी लिहायला लावलं. सकाळी सगळ्यात आधी त्या येतात, आणि कोणी हात न लावता मशीन सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच बघितलं होतं.